आठ चाकांचे झाकण

यंदा आषाढ पौर्णिमेपूर्वी आमच्या वस्तीतल्या विहाराची साफसफाई काढली होती. वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असते, तेव्हा माळ्यावरची अडगळ उतरवून जागा मोकळी करावी असे महिला मंडळाने ठरविले. जुन्या सतरंज्या, लाऊडस्पीकरचा फुटका कर्णा, मिरवणुकीच्या रथाची पुठ्ठ्याची कमान असे एकेक खाली येत होते. शेवटी गोणपाटात गुंडाळलेला एक जड खोका दोघांनी धरून उतरवला. आत विहाराचा जुना टीव्ही निघाला. वीस इंची, ब्लॅक अँड व्हाईट, लाकडी पेटीचा.

पोरे लगेच भोवती जमली. पडद्याच्या उजवीकडे आठ बटणांची रांग आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे एक लहान झाकण. एका मुलीने नखाने ते उघडले. आत आठ बारीक चाके, प्रत्येक चाकाशेजारी एक लाल काटा, आणि खाचेत अडकवून ठेवलेली टाचणीएवढी प्लॅस्टिकची काडी. झाकणाच्या आतल्या बाजूस पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. त्यावर निळ्या शाईत लिहिलेले: १ मुंबई, २ दुसरे चॅनेल, ८ व्हीसीआर.

"काका, हे काय आहे? ह्या चाकांनी काय करायचे?" तिने विचारले.

आम्हाला पटकन बोलता येईना. उत्तर येत नव्हते अशातला भाग नाही. पण त्या कागदावरचे अक्षर आमच्या ओळखीचे होते, आणि त्या झाकणापायी ह्याच विहारात एका सज्जन माणसाचा अपमान झाला होता. त्यात आमचाही हात होता. वाचक बंधू-भगिनींनो, ते आज लिहायचे आहे. पण त्याआधी झाकणात काय असते ते सांगितल्याशिवाय गोष्ट कळणार नाही.

मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या सुमाराच्या बहुतेक संचांना चॅनेल बदलण्यासाठी एक मोठे गोल बटण असे. पिळले की कट् कट् आवाज होई. आत एक ढोल असे आणि त्यावर प्रत्येक चॅनेलसाठी तारेची निराळी वेटोळी बसवलेली. बटण फिरवले की ढोल फिरे आणि त्या चॅनेलची वेटोळी धातूच्या टिकल्यांना टेकत. टिकल्यांवर मळ धरला की चित्र उड्या मारी. मग बटण दाबून धरा, त्यात आगपेटीची काडी खोचा, हे उपाय घरोघरी चालत.

इलेक्ट्रॉनिक ट्यूनिंग आले तसा हा ढोल गेला. त्याच्या जागी पत्र्याची एक बंद डबी आली. तिच्यात हलणारा एकही भाग नाही. तिच्यातले खरे काम वरॅक्टर नावाचे डायोड करतात. डायोडला उलट्या दिशेने व्होल्टेज दिले की त्यातून वीज वाहत नाही, पण तो कपॅसिटरसारखा वागू लागतो. व्होल्टेज वाढवावे तशी त्याची धारकता कमी होते, आणि धारकता कमी झाली की सर्किटचा सूर चढतो. आपल्या भीमगीतांच्या जलशात गायक एकतारीची खुंटी पिळून तार चढवतो-उतरवतो, तसाच हा प्रकार; फक्त खुंटीच्या जागी व्होल्टेज. डबीतले तीन-चार डायोड एकाच व्होल्टेजवर एकदम चढतात-उतरतात. त्यातले काही अँटेनाच्या तारेतून आलेल्या गर्दीतून हवे ते चॅनेल वेचतात, आणि एक डायोड आतल्या ऑसिलेटरचा सूर ठरवतो.

ह्यात एक सुंदर वजाबाकी आहे. मुंबईचे चॅनेल ४ हे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झमध्ये बसे. चित्राची लहर ६२.२५ वर, आवाजाची ६७.७५ वर. टीव्हीतला ऑसिलेटर १०१.१५ मेगाहर्ट्झवर चाले. १०१.१५ मधून ६२.२५ वजा केले की ३८.९ उरतात. चॅनेल कोणतेही लावा, वजाबाकी ३८.९ च आली पाहिजे, कारण पुढचे सारे सर्किट त्या एका आकड्यासाठी बांधलेले असते. आम्ही वाणिज्य शाखेचे, रेडिओचे शिक्षण आम्हाला नाही. पण हा हिशेब आम्हाला ताळेबंदासारखा वाटत आला आहे. दोन बाजूंचा मेळ बसला नाही तर पुढे सगळेच अडते.

आता चाके. संचात ३३ व्होल्टचा एक ठाम पुरवठा तयार केलेला असतो. प्रत्येक चाक म्हणजे त्या ३३ व्होल्टमधून हवे तेवढे मापून घेण्याचा नळ. काडीने चाक फिरवायचे, चित्र स्वच्छ आले की थांबायचे. मग ते बटण दाबले की त्या चाकाने मापलेले व्होल्टेज डबीला जाते. चॅनेलची आठवण राहते ती चाक जिथे थांबवले त्या जागेवर, दुसरीकडे कुठेही नाही. चाकाशेजारी पट्टा निवडण्याची कळ असे: चॅनेल २ ते ४ चा खालचा पट्टा, ५ ते १२ चा वरचा, आणि तिसरा यूएचएफ. व्हीसीआर लावायचा तो बहुधा ह्या तिसऱ्या पट्ट्यात. आमचे मुंबईचे चॅनेल ४ खालच्या पट्ट्यात शेवटचे, म्हणून त्याचा काटा वरच्या टोकाकडे असे. हे लक्षात ठेवावे, पुढे कामाला येईल.

आणखी एक. उन्हाळ्या-पावसाळ्यात, संच तापला-निवला की व्होल्टेज केसभर हलतेच. त्याला सावरायला आत एक स्वयंचलित योजना असते, मेकॅनिक लोक तिला एएफसी म्हणतात. चित्र जरा सरकू लागले की ती ते ओढून जागेवर आणते. पण चाक फिरवताना तिची ओढाताण नको, म्हणून अनेक संचांत झाकणाच्या मागे एक बारीक स्प्रिंगची कळ ठेवलेली असे. झाकण उघडले की एएफसी बंद, मिटले की चालू.

आता गोष्ट.

टीव्ही विहारात १९८९ साली वस्तीच्या वर्गणीतून घेतला. त्याची जबाबदारी तात्यांकडे होती. तात्या आधी गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, मग रखवालदारीची नोकरी धरली. रात्रपाळी असे, म्हणून संध्याकाळी ते मोकळे. कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला. मराठी बातम्यांच्या आधी टीव्ही बाहेर काढायचा, पुढे बायकांना बसायला जागा करून द्यायची, पोरांना दामटायचे, आणि कार्यक्रम संपला की पुसून पुन्हा कपाटात. अँटेना वाऱ्याने फिरली की छपरावरही तेच चढत. झाकणातला तो कागद त्यांनीच चिकटवलेला. तिसरी-चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचे ते अक्षर, पण काय नेटके!

मार्च १९९२ मध्ये संच बिघडला. लावला की चित्र उत्तम. अर्ध्या तासाने चेहरे फाटू लागत, आवाजात खरखर येई, आणि मग पडदाभर मुंग्या. तात्या उठत, झाकण उघडत, काडीने चाक जरासे पुढे सरकवत. चित्र परत येई. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. बातम्या बघणारी मंडळी वैतागली. महिनाअखेरीस चाक शेवटच्या टोकाला जाऊन अडकले, तरी मुंग्या जाईनात.

बाजारातल्या एका मेकॅनिकला बोलावले. त्याने मागची बाजू उघडली, पाहिले न पाहिले, आणि सांगितले, "कोणीतरी चाकांशी फार खेळले आहे. त्याने ट्यूनर जळला." २ एप्रिलला त्याने ट्यूनरची डबी बदलली. ३२५ रुपये घेतले. चार दिवसांनी पुन्हा मुंग्या.

जयंती तोंडावर आली होती. रविवारी, १२ एप्रिलला मंडळाची बैठक बसली. चाकांशी खेळले कोण? किल्ली तर तात्यांकडे. कुणीतरी म्हणाले, रात्री व्हीसीआर भाड्याने आणून सिनेमे बघतात. कुणी पाहिले होते? कुणीच नाही. तेव्हा आम्हा पोरांना पुढे बोलावले. आम्ही असू अकरा-बारा वर्षांचे. विचारले, "तात्यांना झाकण उघडताना पाहिले का रे?"

आम्ही म्हणालो, "हो."

"मग काय झाले?"

"झाकण उघडले की चित्र जायचे."

ह्यात एक शब्द खोटा नव्हता. चित्र सरकून अगदी काठावर आलेले असे, एएफसीने कसेबसे धरलेले. तात्यांनी झाकण उघडले की कळ सुटे, एएफसी बंद होई आणि चित्र पटकन नाहीसे होई. आम्ही पुढच्या रांगेत बसलेली पोरे. आमच्या डोळ्यांना दिसले ते इतकेच की तात्यांनी हात लावला आणि चित्र गेले.

तात्या एवढेच म्हणाले, "झाकण मी चित्र आणायला उघडतो." त्यावर कोणी काही बोलले नाही. किल्ली काढून घेतली. ३२५ रुपये त्यांनी भरून द्यावे असे ठरले, दरमहा २५ प्रमाणे. तात्यांनी मान हलवली. त्या जयंतीला टीव्ही लागलाच नाही.

जूनमध्ये पलीकडच्या गल्लीतला एक दादा सुटीला आला. त्याने आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला होता. २१ जूनला तो मीटर आणि सोल्डरिंग घेऊन विहारात आला. त्याने आधी मागची बाजू उघडलीच नाही. टीव्ही लावून शांत बसला. मुंग्या आल्यावर एक नंबरचे बटण सोडून दोन दाबले. तिथेही मुंग्या. शेजारून व्हीसीआर आणवला, आठ नंबरवर लावला. सुरुवातीला ठीक, मग तोही सरकला. तेव्हा तो आम्हाला म्हणाला, "हे बघ, एकच बटण सरकले असते तर त्याचे चाक खराब, मळलेले, असे म्हटले असते. सगळीच एकदम सरकतात. मग दोष चाकांत नाही. चाकांना जिथून पाणी येते त्या टाकीत आहे."

आम्ही टॉर्च धरला. मागचे झाकण काढून त्याने मीटर लावला. थंड असताना ३३ व्होल्ट. मग आकडा उतरू लागला. तीस, सत्तावीस, चोवीस. टाकीतच एवढे उरले नाही तर शेवटचे चाक पुरते उघडूनही काय मिळणार! चॅनेल ४ वरच्या टोकाचे म्हणून आधी गेले ते तेच. व्होल्टेज पडले की सूर उतरतो, चित्र खालच्या चॅनेलकडे घसरते, आणि खाली चॅनेल ३ वर मुंबईत काहीच नव्हते, म्हणून मुंग्या.

३३ व्होल्ट बांधून ठेवणारा एक भाग असतो, दोन पायांचा, हरभऱ्याएवढा. मेकॅनिकांच्या दुकानात टीएए ५५० किंवा यूपीसी ५७४ म्हणून मागतात. साधा झेनर डायोड इथे चालत नाही. तो तापला की त्याचे व्होल्टेज हलते, आणि इथे तर व्होल्टेज हलले की चॅनेल हलते. हा भाग गरम झाला तरी जागचा हलू नये असाच बनवलेला असतो. आमचा तो म्हातारा झाला होता, गरम झाला की गळत होता. दादाने नवा बसवला. नऊ रुपये. चित्र त्यानंतर कधी सरकले नाही.

"आणि चाके फिरवून ट्यूनर जळतो का?" आम्ही विचारले होते. दादा हसला. चाक कितीही फिरवा, ते ३३ व्होल्टच्या पुढे देऊच शकत नाही आणि डबी तेवढ्यासाठीच बनलेली असते. फार तर चाक झिजेल.

दादाने हे तेव्हाच्या पदाधिकाऱ्यांना सांगितलेही. ते म्हणाले, "चालू झाला ना? मग झाले तर." त्याच वर्षावासात विहारात कालाम सुत्ताचे वाचन झाले. केवळ ऐकले म्हणून, लोक म्हणतात म्हणून, सांगणारा मोठा म्हणून मानू नये, हे आम्ही पुढच्या रांगेत बसून ऐकले. तात्या मागे दाराजवळ बसलेले असत. वंदनेला ते कधी चुकले नाहीत. टीव्हीजवळ मात्र पुन्हा गेले नाहीत. अँटेना फिरली तरी वर बघत नसत.

पुढे झाकणांचा काळ लवकर सरला. रिमोटचे संच आले तेव्हा चाकांऐवजी आठवण आकड्यांच्या रूपात एका आयसीत साठू लागली. संच आपणच व्होल्टेज शून्यापासून वर चढवत जाई, चित्र सापडले की थांबे. आणखी पुढच्या संचांत ऑसिलेटरची लहर क्रिस्टलशी ताडून पाहण्याची पद्धत आली आणि सरकण्याचा प्रश्नच मिटला. १९९१ मध्ये स्टार, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाले आणि केबलवाले गल्लोगल्ली तारा टाकू लागले. त्यांची काही चॅनेल्स तर दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत असत, जिथे जुन्या डब्यांचा सूर पोचतच नसे. विहाराने रंगीत टीव्ही घेतला, हा माळ्यावर गेला. मुंबईत केबल २०१२ च्या अखेरीस सेट-टॉप बॉक्सवर गेली. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणेही २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाली.

कुणाकडे असा संच अजून असेल आणि त्याला फ्री डिशचा बॉक्स जोडायचा असेल, तर मागे ऑडिओ-व्हिडिओची भोके आहेत का पाहावे. असली तर ट्यूनिंगची गरजच नाही. नसली तर मॉड्युलेटर नावाची छोटी डबी मध्ये लावावी लागते. ती कोणत्या चॅनेलवर चित्र देते ते तिच्यावर लिहिलेले असते, त्याप्रमाणे पट्टा निवडून चाक सावकाश फिरवावे. मागची बाजू मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही काचेच्या नळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. परवा एक पोर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलाच होता, त्याला दटावले.

टीव्हीसोबत माळ्यावरून मंडळाच्या जुन्या कीर्दीही उतरल्या. वाळवी लागली आहे का पाहायला म्हणून १९९२ ची उघडली आणि कारकुनाची सवय, वाचत बसलो. २ एप्रिल, खर्च, टीव्ही ट्यूनर बदली, ३२५. २१ जून, खर्च, टीव्ही आयसी, ९. आणि जमेच्या बाजूला, मे महिन्यापासून दर महिन्याच्या पाच-सात तारखेला, तात्यांच्या नावे, टीव्ही नुकसान भरपाई, २५. मे. जून. जुलै. ऑगस्ट. आमची समजूत होती की आयसी सापडल्यावर तरी ते थांबले असेल. पाने उलटत गेलो. शेवटची नोंद मे १९९३ ची. तेरा हप्ते. त्यातले अकरा, म्हणजे २७५ रुपये, दोष सापडल्यानंतर घेतलेले. घेणाऱ्याने घेतले, लिहिणाऱ्याने लिहिले, तपासणाऱ्याने तपासून सही केली. बेरीज बरोबर आहे.

तात्या २००९ मध्ये गेले. काकू आहेत. आम्ही मंडळाच्या बैठकीत कीर्द ठेवली, सगळे वाचून दाखवले, त्या दिवशी आम्ही काय सांगितले होते तेही सांगितले. १२ एप्रिल १९९२ चा ठराव चुकीच्या माहितीवर होता असा ठराव झाला आणि ३२५ रुपये परत करावेत असे ठरले. व्याजाचे कुणीतरी काढले. आम्ही म्हटले, ते काकूंना विचारू.

रविवारी आम्ही तिघे गेलो. काकूंना आता कमी ऐकू येते. कीर्दीचे पान त्यांच्यासमोर धरून मोठ्याने वाचले. आयसीचे, ३३ व्होल्टचे, एएफसीच्या कळीचेही जमेल तसे सांगितले. "काकू, आम्हीच तेव्हा हो म्हणालो होतो," असेही सांगितले. त्या बराच वेळ पानाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "ते सांगायचे, पोरांनी खरे तेच सांगितले. तुमच्यावर त्यांचा राग नव्हता रे."

पाकीट पुढे केले. त्यांनी ते उघडले नाही.

"हे विहाराच्या दानात टाका," म्हणाल्या. "पण पावती त्यांच्या नावाची फाडा. पूर्ण नाव घाला, आणि मला आणून द्या."

पावतीपुस्तक आमच्या पिशवीतच होते.